प्रबंधातल्या एंटरचे पैसे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या सदरात एका पालकांचे पत्र वाचले. मुलीने प्रबंध स्वतः टाइप केला होता, तरी तो नुसता 'सेट' करून द्यायचे डीटीपीवाल्याने टायपिंगपेक्षा जास्त पैसे घेतले. हे पैसे कशाचे, असा त्यांचा सवाल होता आणि 'लुबाडणूक' हा शब्दही त्यांनी वापरला होता. तो डीटीपीवाला मी नव्हे, पण धंदा तोच. सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढे माझे टायपिंग, झेरॉक्स आणि बाइंडिंगचे दुकान आहे. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि अक्कलकोटकडचे कुणी आले तर मोडकी कानडी, असा २९ वर्षांचा संसार. तेव्हा पैसे कशाचे हे मी सांगू शकते.

जानेवारीतली गोष्ट. सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरलेली, होम मैदानाकडचे सगळे रस्ते तुंबलेले. त्यातून वाट काढत रात्री आठच्या सुमारास एक मुलगी पेनड्राइव्ह घेऊन आली. विडी कामगार बायकांवरचा प्रबंध, २४६ पाने. आई कुंभारीच्या घरकुलात राहते, अजून विड्या वळते, हे तिने मी न विचारताच सांगितले. "ताई, लाइन स्पेसिंग फक्त दीड करायचंय. आणि प्रकरणांची नावं जरा मोठी. पाच मिनिटांचं काम आहे ओ."

मी फाइल उघडली, सगळे सिलेक्ट केले, स्पेसिंग दीड केले. २४६ ची ३१८ पाने झाली. ते होणारच होते. पण प्रकरण तीन, जे आधी नव्या पानावर सुरू होत होते, ते आता पानाच्या पोटात जाऊन बसले. चौथे पानाच्या तळाशी आले, नाव या पानावर आणि मजकूर पुढच्या पानावर. अनुक्रमणिकेतला एकही आकडा जागेवर राहिला नाही. मुलीचा चेहरा उतरला. "तुम्ही काय केलं ओ?" म्हणाली.

वर्डमध्ये होम टॅबवर उलट्या पी-सारखे एक बटण असते. ते दाबले की एरवी न दिसणारे सगळे दिसू लागते. प्रत्येक एंटरला एक खूण, प्रत्येक स्पेसला एक ठिपका, टॅबला एक बाण. मी ते दाबले आणि पडदा तिच्याकडे वळवला. साखर सांडल्यावर मुंग्या लागाव्यात तसे ठिपके. दुसरे प्रकरण संपले तिथून तिसरे सुरू होईपर्यंत १९ एंटर मोजले. प्रकरणाचे नाव मधोमध आणायला २६ वेळा स्पेसबार. मजुरीच्या तक्त्याचे रकाने टॅब मारून मारून उभे केलेले. अनुक्रमणिकेत तर एकेक पूर्णविराम हाताने टाकत पान क्रमांकापर्यंत नेलेला. त्या पोरीने काय कष्ट केले होते! आईने दिवसभर विड्या वळाव्यात तसे तिने रात्रभर एंटर वळले होते.

यात तिची चूक मी मानत नाही. आपण सगळे तसेच शिकलो. मी १९९१ साली टाइपरायटरवर मराठी शिकले. तिथे शीर्षक मधोमध घ्यायचे तर कॅरेज कागदाच्या मध्यावर आणायचे, शीर्षकाची अक्षरे मोजायची आणि दोन अक्षरांना एक या हिशेबाने बॅकस्पेस मारायचा. परिच्छेद सुरू करायला पाच स्पेस. ओळ संपत आली की घंटी वाजायची. मशीनला दुसरे काही येतच नव्हते. पुढे टाइपरायटर भंगारात गेला, पण बोटांना लागलेली सवय की-बोर्डवर आली आणि शिकवणाऱ्यांच्या बोटांतून शिकणाऱ्यांच्या बोटांत उतरली. ज्यांनी टाइपरायटर डोळ्यांनी पाहिलेला नाही, ती आजची मुलेही टाइपरायटरसारखीच टाइप करतात.

वर्डमध्ये याच होम टॅबवर उजवीकडे 'स्टाइल्स' नावाची एक चौकट असते. नॉर्मल, हेडिंग १, हेडिंग २ असे काहीबाही त्यात लिहिलेले दिसते. माझ्याकडे येणाऱ्या शंभरातल्या नव्वद लोकांना ती शोभेची वाटते. ती काय आहे हे सांगायला मला माझ्या वडिलांकडे जावे लागेल.

वडील चादरीच्या कारखान्यात जेकार्डचे पुठ्ठे पंच करायचे. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते. चादरीवरची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात. कागदावरची एक आडवी ओळ म्हणजे एक आडवा धागा आणि त्यासाठी एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. असे शेकडो पुठ्ठे दोरीने ओवून माळ करायची आणि ती मागावर चढवायची. माग फिरतो तशी माळ फिरते, माळ फिरते तशी नक्षी उमटते. एकदा एका व्यापाऱ्याने मोराचा डोळा पोकळ नको, भरीव हवा म्हणून सांगितले. वडिलांनी तेवढे चार पुठ्ठे नवे पंच केले. दुसऱ्या दिवसापासून निघालेल्या प्रत्येक चादरीवरच्या प्रत्येक मोराचा डोळा भरीव. सुईदोरा घेऊन कुणी एकेका मोरापाशी बसले नाही.

स्टाइल म्हणजे हा पुठ्ठा. 'प्रकरणाचे नाव' असा एक पुठ्ठा करायचा. त्यात लिहायचे की फॉन्ट अमुक, आकार १८, मधोमध, वर इतकी जागा, खाली इतकी जागा, सुरुवात नव्या पानावर. मग सातही प्रकरणांच्या नावांना तो लावायचा. सर म्हणाले १६ करा, की राइट क्लिक करून मॉडिफाय, आणि पुठ्ठ्यात १६. सातही ठिकाणी सोळा. मागापेक्षा हे एका बाबतीत सरसच आहे, कारण इथे आधी विणून झालेल्या चादरीवरच्या मोराचाही डोळा बदलतो.

त्या रात्री मी काय केले ते सांगते, म्हणजे पालकांना बिलाचा हिशेब मिळेल. आधी फाइंड-रिप्लेसमध्ये जाऊन दोन एंटरच्या जागी एक एंटर (त्याची खूण टोपीचे चिन्ह आणि पुढे स्मॉल पी), 'शून्य बदल' असे उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा. तसेच दोन स्पेसच्या जागी एक. हे झटपट होते. नंतरचे होत नाही. शीर्षके शोधणे. ठळक दिसणारी प्रत्येक ओळ शीर्षक नव्हती. काही ठिकाणी मुलाखत दिलेल्या बाईचे नाव ठळक होते, काही ठिकाणी नुसताच चुकून कंट्रोल-बी दाबला गेला होता. तिसऱ्या प्रकरणातली उपशीर्षके १४ ची, पाचव्यातली १५ ची, सातव्यातली १६ ची आणि अधोरेखित. कोणती ओळ काय आहे हे कॉम्प्युटरला माहीत नाही, कारण त्याला कुणी सांगितलेलेच नाही. ते वाचूनच ठरवावे लागते. मी ३१८ पाने चाळत बसले. प्रकरणाच्या नावावर कर्सर, कंट्रोल-ऑल्ट-१ दाबले की हेडिंग १ ही स्टाइल लागते. उपशीर्षकावर कर्सर, कंट्रोल-ऑल्ट-२, म्हणजे हेडिंग २. मग हेडिंग १ च्या परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'पेज ब्रेक बिफोर'वर टिक केले, १९ एंटरचे काम संपले. 'कीप विथ नेक्स्ट' तिथे आधीपासूनच असते, त्यामुळे शीर्षक एकटे पानाच्या तळाशी राहत नाही. शेवटी रेफरन्सेस टॅबवरून अनुक्रमणिका. एक क्लिक, दोन पाने भरून अनुक्रमणिका आली, ठिपक्यांसकट. पहाटेचे अडीच वाजले होते. मी १,२०० रुपये घेतले.

चार दिवसांनी मुलगी परत आली. सरांना आता प्रकरणांची नावे डावीकडे हवी होती आणि मजकूर १२ ऐवजी १३ चा. तिने पर्स आधीच उघडून हातात धरली होती. दोन स्टाइल बदलल्या, अनुक्रमणिकेवर एफ-९ दाबले, पानांचे आकडे नवे झाले. दोन मिनिटे लागली असतील. पैसे घेतले नाहीत. कशाचे घेणार?

आता जरा आत शिरते, कारण मराठीत काम करणाऱ्यांचा पाय जिथे अडकतो ती जागा कुणी दाखवत नाही. मी पहिल्यांदा हेडिंग १ चा आकार १८ केला तेव्हा 'प्रकरण' हा शब्द होता तेवढाच राहिला आणि पुढचा इंग्रजी तीनचा आकडा तेवढा ढेरी सुटल्यासारखा फुगला. तासभर डोके आपटले. गोष्ट अशी आहे की वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'मध्ये धरते आणि तिचा फॉन्ट व आकार इंग्रजीपेक्षा वेगळ्या खणात ठेवते. मॉडिफायच्या चौकटीत खाली फॉरमॅट, त्यात फॉन्ट उघडले की दोन खण दिसतात. इंग्रजीचा वरचा, आपला खालचा. दोन्ही भरायचे. खालचा खण दिसतच नसेल तर ऑप्शन्समध्ये जाऊन भाषांत मराठी जोडायची. लिबर ऑफिस वापरत असाल (फुकट आहे आणि प्रबंधाला पुरून उरते) तर तिथे एफ-११ दाबल्यावर स्टाइलची पट्टी उघडते, पण खण तिथेही दोनच, इंग्रजीचा 'वेस्टर्न' आणि आपला 'सीटीएल'. एवढे न कळल्यामुळे कितीतरी जण "मराठीला स्टाइल चालत नाही हो" म्हणून सोडून देतात आणि पुन्हा एकेक ओळ सिलेक्ट करून मोठी करत बसतात.

दुसरी अडचण जुन्या फॉन्टची. कृतीदेव, श्रीलिपीसारख्या युनिकोड (अक्षरे साठवायची जगभर चालणारी एकच पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर कॉम्प्युटरच्या लेखी इंग्रजी अक्षरेच असतात, वरून फक्त मराठीचा मुखवटा. त्याला हेडिंग लावले की डावीकडच्या नेव्हिगेशनच्या पट्टीत 'प्रकरण पहिले'ऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. तिथे आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग बाकीचे. रूपांतरात जोडाक्षरे मोडतात ती वेगळीच.

मी काही यातली पंडित नाही. एकदा मी स्वतःच तोंडावर आपटले आहे. एका संस्थेचा वार्षिक अहवाल होता. मजकुरासाठी वेगळी स्टाइल केली आणि मॉडिफायच्या चौकटीतल्या 'ऑटोमॅटिकली अपडेट' या टिकला, चांगलेच असेल म्हणून, हो म्हटले. त्याचा अर्थ असा की त्या स्टाइलच्या एका परिच्छेदाला हाताने काही केले तरी ते सगळ्या परिच्छेदांना लागते. शेवटच्या क्षणी अध्यक्षांचा फोन आला, मनोगतातली आभाराची ओळ मधोमध घ्या. घेतली. पहिले पान पाहिले, छपाई सुरू केली. ८० प्रती निघाल्यावर मदतनीस पोरगा म्हणाला, "ताई, ताळेबंदाच्या टिपा कवितेसारख्या का दिसतायत?" अख्खा अहवाल वरातीतल्या नवरदेवासारखा मधोमध उभा होता. कागद माझा गेला. तेव्हापासून त्या टिकला मी हात लावत नाही आणि कुणाला लावूही देत नाही.

वकील मंडळींची एक वेगळी तऱ्हा. अर्जातले परिच्छेद क्रमांक हाताने टाइप केलेले, मध्ये एक परिच्छेद घुसवला की पुढचे ४० क्रमांक हाताने बदला. त्यांना मी क्रमांकच स्टाइलमध्ये बांधून देते. त्यावर एवढेच.

दिसण्यापलीकडची एक गोष्ट मला एका मुलामुळे कळली. एमए करणारा, दृष्टिहीन. लॅपटॉपवर एनव्हीडीए हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर त्याला पडद्यावरचे वाचून दाखवते. कुणीतरी दिलेल्या नोट्सची ६० पानांची फाइल घेऊन तो मित्राबरोबर आला. प्रिंट नको होती, म्हणाला, "यात धडा कुठं सुरू होतो तेच कळत नाही, पहिल्यापासून ऐकावं लागतं." फाइलमधली शीर्षके मोठी होती, ठळक होती, निळी होती. त्याला त्याचा काय उपयोग? त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वाचनाचा 'ब्राउज मोड' चालू करून एच दाबले की पुढच्या शीर्षकावर उडी जाते, पण शीर्षकाला हेडिंगची स्टाइल असेल तर. त्या फाइलमध्ये एच दाबले की उत्तर यायचे, पुढे शीर्षक नाही. ६० पानांत एकही शीर्षक नाही! मी २२ ठिकाणी हेडिंग लावली. तो तिथेच स्टुलावर बसून एच, एच, एच करत पुढे गेला, मग शिफ्ट-एच करत मागे आला. "आता कसं पुस्तकासारखं झालं बे," असे मित्राला म्हणाला. पीडीएफ करतानाही ऑप्शन्समध्ये हेडिंगवरून बुकमार्क तयार करण्याची टिक असते. ती लावली की डोळस माणसाचीही पाने उलटण्यातून सुटका होते.

माझ्याकडे कामाला येणारी मुले ३० आणि ४० शब्दांच्या वेगाची प्रमाणपत्रे घेऊन येतात. वेग खराच असतो, मी मोजते. पण स्टाइल म्हटले की केसांची स्टाइल समजतात. एकाला दोन दिवस शिकवले, तिसऱ्या दिवशी त्याने पुन्हा शीर्षक सिलेक्ट करून बी दाबला. का, तर "ते लवकर होतं." एका शीर्षकाला लवकर होते हे खरे आहे. दोन पानांच्या अर्जाला स्टाइलचा घोळ घालू नये असे मीही म्हणते, भाजी चिरायला कुणी तलवार काढत नाही. पण जी फाइल दहा जणांच्या हातून जाणार, जी पाच वेळा बदलणार, जी अडीचशे पानांची होणार, तिच्यात पहिल्या दिवशी दहा मिनिटे घालवायला काय हरकत आहे?

त्या पालकांना माझे म्हणणे एवढेच की भांडायचे तर योग्य ठिकाणी भांडा. विद्यार्थी माझ्याकडे सूचनांचा जो कागद घेऊन येतात त्यावर लिहिलेले असते, डावा समास दीड इंच, फॉन्ट अमुक, आकार तमुक, शीर्षक ठळक. सगळे दिसण्याचे नियम. मुले ते वाचतात आणि दिसेल तसे हाताने करत सुटतात. त्या कागदाऐवजी एक रिकामी टेम्प्लेट फाइल दिली तर? समास बसवलेले, प्रकरण, उपशीर्षक, मजकूर, अवतरण, तक्त्याचे नाव अशा स्टाइल आधीच तयार, मराठीचा खण भरलेला, अनुक्रमणिका जागेवर. विद्यार्थ्याने आत फक्त लिहायचे. एका माणसाचे एका दुपारचे काम आहे, ते वर्षानुवर्षे चालेल. मार्गदर्शकांनीही पहिले प्रकरण हातात आल्यावर उलट्या पी-चे बटण एकदा दाबून पाहावे. एंटरच्या रांगा दिसल्या की तिथल्या तिथे परत पाठवावे, सातव्या प्रकरणापर्यंत थांबू नये. आणि टायपिंगच्या वर्गांत वेगाबरोबर एक तास यालाही मिळावा.

हे लिहिते आहे असे कळल्यावर शेजारचा बाइंडर म्हणाला, "अक्का, स्वतःच्या पोटावर पाय देताय." देत असेन. पण रात्री अडीचपर्यंत दुसऱ्याचे एंटर पुसण्यापेक्षा दिवसा नीट टायपिंग केलेले मला परवडते. टेम्प्लेटची एक फाइल मी करून ठेवली आहे. पेनड्राइव्ह घेऊन या, कॉपी करून देईन, पैसे नाहीत. फक्त मे महिन्यात येऊ नका, तेव्हा सबमिशनची गर्दी असते आणि दुकानात पंखा एकच आहे.

जाता जाता, हे पत्र मी वर्डमध्ये टाइप करून ई-मेलने पाठवते आहे. नावाला हेडिंग १ आहे, मजकुराला एकच स्टाइल आहे. आपल्या पानजुळणी करणाऱ्यांना उलट्या पी-चे बटण दाबून पाहायला सांगा. एकापुढे एक दोन एंटर कुठे सापडले तर खुशाल छापा.

आपली,
एक टायपिस्ट, पूर्व भाग, सोलापूर
(गिऱ्हाइकांच्या गोष्टी आल्या आहेत, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)